तळणाशेजारची बरणी

हैतीत पिकलीझ मागावे लागत नाही. ताटलीत तळलेल्या मांसाचे तुकडे पडले की शेजारी चमचाभर आंबट-जहाल कोबी येतोच. दिवस कलला की राजधानी पोर्तोप्रॅंसच्या रस्त्यांकडेला कढया चढतात. त्यांतून ग्रियो निघते, म्हणजे मसाल्यात मुरवून, शिजवून मग तळलेले डुकराचे मांस. तासो निघते, ते तसेच, पण बकऱ्याचे किंवा गाईबैलाचे. अळूच्या कुळातला मालांगा नावाचा कंद किसून केलेली अक्रा नावाची भजी निघतात, आणि निघते बनान पेझे. त्यासाठी भाजीच्या कच्च्या केळ्याचे जाड काप एकदा तळतात, दाबून चपटे करतात आणि पुन्हा तळतात. या साऱ्या तळणाला मिळून फ्रिताय म्हणतात. इतके तेल आणि इतकी चरबी एका ताटलीत आल्यावर तिथे काहीतरी आंबट हवेच, आणि हैतीत ते आंबट म्हणजे पिकलीझ.

पिकलीझमध्ये असते काय? बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा, ढोबळी मिरची, एक फारच तिखट मिरची, चार लवंगा, थोडे मिरे, मीठ, लिंबाचा किंवा आंबट संत्र्याचा रस आणि वर बुडेपर्यंत व्हिनेगर. एवढेच. तेल नाही, साखर नाही, अंड्याचे मेयोनेज तर नाहीच. कॅरिबियन म्हणून जगभर जे कोबीचे सलाड खपते त्यात बहुधा आंब्याच्या फोडी, अननस आणि गोडसर पांढरे सॉस असते. ते खायला वाईट नसते, पण त्यातला कॅरिबियन समुद्र पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातला आहे. हैतीतल्या बरणीत गोडवा शोधू नये. जो काही असतो तो गाजराचा.

आणि पिकलीझ नुसते खायचे नसते. कोशिंबिरीसारखे वाटीभर वाढून घेतले तर डोळ्यांतून पाणी येईल आणि पदार्थाबद्दल मत कायमचे वाईट होईल. हा कोबी तळणाबरोबर खायला रचलेला आहे, आणि तळणही त्याच्या भरवशावर रचलेले आहे. हे नाते नीट कळायला जिभेवर काय घडते ते पाहावे लागते.

चरबीचा पातळ थर जिभेवर बसला की पुढचा घास बोथट लागू लागतो. आंबटाने तोंडाला पाणी सुटते, हा आपला सर्वांचा अनुभव. त्या लाळेने आणि आम्लाने तो थर सरतो आणि पुढचे तळण पहिल्यासारखे खमंग लागते. अर्धी गोष्ट एवढीच. उरलेली अर्धी मिरचीची. मिरचीतले तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते चरबीत विरघळते. म्हणून तिखट लागल्यावर पाण्याचा पेला रिकामा करून उपयोग होत नाही, पण ग्रियोचा चरबीदार तुकडा ते तिखट जिभेवरून उचलून नेतो. कोबीचे व्हिनेगर मांसाची चरबी आवरते आणि मांसाची चरबी कोबीची मिरची आवरते. दोघांतला एक काढला तर दुसरा खाणे अवघड. अशा कोबीला तोंडी लावणे म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. ते ताटाचे निम्मे अंग आहे.

तिखट ही चव नव्हे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ते कसे, हे मात्र १९९७ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारे ग्राहक-प्रथिन शोधून काढले. त्या दिशेच्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले. हे प्रथिन मुळात उष्णता ओळखणारे. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर ते जागे होते आणि मेंदूला ‘भाजते आहे’ असा निरोप देते. कॅप्सेसिन तोच निरोप खोटाच पाठवते. आपल्या बरणीच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की आम्लामुळे हे प्रथिन अधिक हळवे होते. तीच मिरची व्हिनेगरबरोबर जास्त झोंबते ती म्हणूनच. पिकलीझचा जहालपणा नुसत्या मिरचीचा नाही.

आता ही मिरची. हैतीत तिला पिमां बूक म्हणतात, जमैकात स्कॉच बॉनेट. लहान, सुरकुतलेली, टोपीसारखी चपटी. पिकल्यावर पिवळी, केशरी किंवा लाल. तिखट मोजायच्या स्कोव्हिल मापाने १ लाख ते साडेतीन लाखांपर्यंत जाते; हालापेन्यो नावाची मेक्सिकन मिरची याच मापाने २,५०० ते ८,००० मध्ये आटोपते. पण तिचे मोल तिखटात नाही, वासात आहे. कापली की जर्दाळूसारखा फळकट सुगंध येतो. वनस्पतिशास्त्रात तिच्या जातीचे नाव आहे कॅप्सिकम चायनेन्स, म्हणजे चिनी. निकोलाउस याकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये ती चीनची समजून हे नाव दिले. गंमत अशी की हाच गृहस्थ तरुणपणी कॅरिबियन बेटांवर वनस्पती गोळा करत हिंडला होता. मिरची अस्सल अमेरिकेची. कोलंबस येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले ताईनो लोक ती कसावा या कंदाच्या भाकरीबरोबर खात होते.

बरणीत मुळात हैतीच्या बेटाचे म्हणावे असे काय आहे, तर फक्त मिरच्या. तिखट आणि ढोबळी, दोन्ही अमेरिकेच्या. बाकी सारे बाहेरून आलेले, आणि त्यातले बरेचसे कोणत्या प्रवासात आले तेही सांगता येते.

कोलंबस दुसऱ्यांदा निघाला तो १४९३ मध्ये, १७ जहाजे घेऊन. पहिली फेरी शोधाची होती, ही वसाहतीची. वाटेत, ऑक्टोबरात, ताफा कॅनरी बेटांतल्या गोमेरावर थांबला. तिथे काय काय भरले, याची नोंद बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने आपल्या इतिहासात केली आहे. संत्री, लिंबे आणि महाळुंग यांच्या बिया, खरबुजांचे आणि तऱ्हेतऱ्हेच्या भाजीपाल्याचे बियाणे, शिवाय आठ डुकरिणी, प्रत्येकी ७० मारावेदी देऊन घेतलेल्या. पुढे त्या प्रदेशात जेवढी डुकरे झाली ती सगळी या आठांची संतती, असे तो लिहितो. अतिशयोक्तीचा वाटा सोडून देऊ. पण ग्रियोचे डुक्कर आणि त्यावर पिळायचे आंबट संत्रे एकाच थांब्यावर, एकाच ताफ्यात चढले, ही गोष्ट मला कुठल्याही पाककृतीपेक्षा चवदार वाटते. १४९४ च्या जानेवारीत बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ला इसाबेला ही वसाहत उभी राहिली आणि युरोपीय भाजीपाल्याचे वाफे तिथे पहिल्यांदा लागले.

ती संत्री आजच्या नागपुरी संत्र्यासारखी गोड नव्हती. पंधराव्या शतकातल्या स्पेनमधले नेहमीचे संत्रे म्हणजे सेव्हिलचे कडवट-आंबट संत्रे, अरबांनी पूर्वेकडून आणून रुजवलेले. हैतीत ते झोरांज सी म्हणून आजही घरोघरी लागते; मांस धुवायला, मुरवायला, पिळायला. लिंबाचा प्रवासही तोच: आग्नेय आशियातून अरबांच्या हाताने भूमध्य समुद्रावर, तिथून स्पॅनिशांच्या जहाजांतून कॅरिबियनमध्ये. त्या बेटांवर पिकणारे छोटे, पातळ सालीचे, रसाळ लिंबू आणि आपल्या भाजीवालीकडचे कागदी लिंबू एकाच जातीचे आहे. तेव्हा निदान लिंबाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघरात काही शोधाशोध करायला नको.

१६९७ च्या रिसविकच्या तहाने बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला आणि सां-दोमिंग ही वसाहत जगातली सर्वात मोठी साखर पिकवणारी जागा झाली. ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसे पकडून आणली जात. त्यांनी काय खावे हेही फ्रान्समध्ये ठरे. १६८५ च्या ‘कोड नुआर’ या कायद्याच्या बाविसाव्या कलमात आठवड्याचा शिधा दिला आहे: अडीच माप कसाव्याचे पीठ, किंवा कसाव्याच्या अडीच-अडीच पौंडांच्या तीन भाकऱ्या, आणि सोबत दोन पौंड खारवलेले गोमांस किंवा तीन पौंड मासे. भाजीचे नाव नाही. मळेवाले एवढेही देत नसत. शिध्याऐवजी आठवड्यातला एक दिवस मोकळा सोडून ‘तुमचे तुम्ही पिकवा’ असे सांगायला चोविसाव्या कलमाने मनाई केली होती. ज्या अर्थी मनाई करावी लागली त्या अर्थी तसे सर्रास चालत असणार. आणि ते पुढेही चालूच राहिले. डोंगरउतारावरच्या निकृष्ट तुकड्यांत गुलाम माणसे आपापली कंदमुळे, भाज्या, मिरच्या काढत आणि उरलेले रविवारच्या बाजारात विकत. मळ्याचा हिशेब साखरेचा. या तुकड्यांचा हिशेब मात्र त्यांचा स्वतःचा. हैतीच्या खाण्याची घडण साखरेच्या मळ्यांपेक्षा या वाफ्यांत आणि या बाजारात जास्त झाली असे मी मानतो.

डुकराला तर तिथल्या इतिहासात धार्मिक स्थान आहे. १४ ऑगस्ट १७९१ च्या रात्री ब्वा कायमां इथे बुकमान नावाच्या म्होरक्याच्या पुढाकाराने गुलामांची सभा भरली, काळ्या डुकराचा बळी दिला गेला आणि शपथा झाल्या, अशी परंपरा सांगते. आठवडाभरात उत्तरेकडचे मळे पेटले. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. त्या दिवसाचे म्हणून दर वर्षी भोपळ्याचे सूप जुमू करतात, त्यातही कोबी असतो. २०२१ मध्ये युनेस्कोने त्या सुपाला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतले. पिकलीझला असला मान नाही आणि कुणी मागितलेलाही नाही.

गोमेराच्या त्या डुकरिणींची वंशावळ मात्र विसाव्या शतकात जवळजवळ तुटली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेटावर आफ्रिकन स्वाइन फीव्हर पोचला. रोग उत्तर अमेरिकेत शिरेल या धास्तीने अमेरिकेच्या पुढाकाराने १९८३ पर्यंत हैतीतली काळी क्रेयोल डुकरे सरसकट मारून टाकण्यात आली. काटक, उकिरड्यावर जगणारे, अडीनडीला विकता येणारे हे जनावर म्हणजे शेतकऱ्याचे बचत खाते होते. बदल्यात आणलेल्या अमेरिकन डुकरांना सिमेंटचा गोठा, स्वच्छ पाणी आणि विकतचे खाद्य लागे. गावकऱ्यांनी त्यांचे नाव ठेवले ‘चार पायांचे राजपुत्र’.

कोबीकडे येऊ. हे थंडीचे पीक. गड्डा धरायला गारवा लागतो, आणि फुलून बी धरायला तर काही आठवडे १० अंशांखालची थंडी सोसावी लागते. समुद्रसपाटीवरच्या उष्ण कटिबंधात त्याचे बी तयार होत नाही. बेटे ते बाहेरून आणतात. उकाड्यात गड्डा धरणारी संकरित वाणे, जसे जपानमध्ये तयार झालेले ‘केके क्रॉस’, आल्यापासून कॅरिबियन सखल भागांतही कोबी दिसू लागला. हैतीचा नावाजलेला कोबी मात्र डोंगरावरचा. पोर्तोप्रॅंसच्या डोक्यावर, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर केन्स्कॉफ आहे. तिथल्या गार धुकट हवेत, उभ्या चढावर कोबी, गाजर, कांद्याची पात यांचे पट्टे दिसतात. खाली राजधानी घामाने निथळत असताना वर लोक स्वेटर घालून भाजी खुडत असतात.

ही भाजी खाली आणतात मादां सारा. सुगरणीच्याच जातकुळीतल्या एका गोंगाट्या पक्ष्यावरून बाजारकरी बायांना हे नाव पडले. शेतावरून उचल करायची, वाहतूक जमवायची, शहरातल्या किरकोळ विकणारीला उधारीवर माल द्यायचा, आठवड्याने पैसे वसूल करायचे. देशाची अन्नसाखळी या बायांच्या कमरेच्या पिशवीतून चालते. २०२५ च्या सुरुवातीला सशस्त्र टोळ्यांनी केन्स्कॉफवर हल्ला चढवला, माणसे मारली, घरे जाळली. राजधानीच्या बरणीतला कोबी तेव्हापासून आणखी जोखमीचा झाला.

बरणी, हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. हैतीतल्या सुमारे निम्म्या लोकांपर्यंत वीज पोचलेली नाही, आणि जिथे पोचली आहे तिथे ती असेलच असे नाही. अशा ठिकाणी कापलेली भाजी दिवसभरही टिकत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवलेली टिकते. खानावळीच्या टेबलावर काचेची बरणी दिवसभर उघड्यावर असते आणि कुणाचे काही बिघडत नाही, कारण आतले आम्ल जंतूंना वाढू देत नाही. अन्नशास्त्रात सुरक्षिततेची रेघ साधारण ४.६ सामूला मारतात, त्याखाली घातक बोटुलिझमच्या जंतूला वाढता येत नाही. चांगले पिकलीझ त्याच्या बरेच खाली असते. कोरियन किमची किंवा जर्मन सावरक्राउटमध्ये आम्ल जंतूंकडून तयार करवून घेतात. इथे ते बाटलीतून ओततात. घाईची रीत, पण भरवशाची.

शेजाऱ्यांकडेही या रीतीची भावंडे आहेत. जमैकात तळलेल्या माशावर व्हिनेगरात भिजलेला कांदा, गाजर आणि स्कॉच बॉनेट घालतात, त्याचे नाव एस्कोविच. स्पॅनिशांच्या एस्काबेचेचा हा नातू, आणि एस्काबेचेचे मूळ बगदादच्या दरबारातल्या सिकबाज या आंबट मांसापर्यंत मागे नेतात. एस्कोविचमध्ये कोबी नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकात, म्हणजे त्याच बेटाच्या दुसऱ्या भागात, भात, राजमा आणि मांसाच्या रोजच्या ताटात कोबीची साधी आंबट कोशिंबीर असते, पण ती तिखट नसते आणि मुरवतही नाहीत. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे कुर्तिदो पिकलीझच्या सर्वात जवळ येते: कोबी, गाजर, ओरेगानो, व्हिनेगर, आणि सोबत मक्याच्या जाड भाकरीसारखी पुपुसा. तिखटात मात्र हैतीशी कुणाची बरोबरी नाही.

करून पाहायचे असेल तर साहित्य मराठी स्वयंपाकघरात बहुतेक आहेच. अर्धा किलो कोबी, दोन मध्यम गाजरे, एक मोठा कांदा, अर्धी ढोबळी मिरची. सात-आठ लवंगा, दहा-बारा मिरे. दोन कागदी लिंबे. तीन चहाचे चमचे मीठ. पांढरे व्हिनेगर अर्धा ते पाऊण लिटर. काचेची दीड लिटरची बरणी, गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केलेली.

कोबी घट्ट, जड गड्ड्याचा घ्यावा. तो किसू नये. किसणीने पेशी चिरडतात, आणि कोबीच्या कुळाचा सारा उग्रपणा चिरडलेल्या पेशींतून येतो: एका कप्प्यातली गंधकयुक्त द्रव्ये आणि दुसऱ्या कप्प्यातले मायरोसिनेज हे विकर, एरवी वेगळी असणारी, एकत्र येतात आणि मोहरीसारखा झणका तयार होतो. थोडा हवाच असतो, जास्त झाला की बरणी उघडताच वास अंगावर येतो. शिवाय कीस पाणी सोडून लिबलिबीत होतो. विळीवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचे लांब धागे चिरावेत. हे काम विळीइतके चांगले कुठलेही यंत्र करत नाही. कोबीचा मधला दांडा टाकू नका; सोलून पातळ चिरला तर सर्वात जास्त कुरकुरीत तोच लागतो. गाजर मात्र किसले तरी चालते, काड्या केल्या तर उत्तम.

मिरचीचा प्रश्न खरा आहे. आपल्या बाजारात स्कॉच बॉनेट क्वचितच मिळते. ईशान्येकडची भूत जोलोकिया तिच्याच कुळातली आणि सुगंधाने जवळची, पण तिखटात तिच्या दोन-तीन पट; २००७ मध्ये गिनीज बुकाने तिला जगातली सर्वात तिखट मिरची ठरवले होते. मिळाली तर पाव मिरची पुरे. नाहीतर पाच-सहा लवंगी मिरच्या उभ्या चिरून घालाव्यात. तिखट मिळेल, जर्दाळूचा वास मिळणार नाही, आणि त्याला पर्याय नाही. तिखट बियांत असते हा समज चुकीचा आहे. ते बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात त्यात असते. सौम्य हवे तर गाभा खरवडा. हात झोंबले तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. कारण वर आलेच आहे.

हैतीत बरेच जण थाइमची एखादी काडी टाकतात. कुंडीतल्या ओव्याचे पान, ज्याची आपण भजी करतो, ते इथे चालते, आणि नुसते चालवून घेणे नव्हे. थाइमच्या वासातले थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल त्याही पानात असतात, आणि त्रिनिदादमध्ये हेच जाड पान ‘स्पॅनिश थाइम’ म्हणून मसाल्यात वाटतात. एक पान, बारीक चिरून. दोन झाली तर बरणीला काढ्याचा वास येतो.

आता मीठ. अनेक पाककृती सगळे एकदमच बरणीत भरायला सांगतात. मी आधी कोबीला मीठ चोळून अर्धा तास ठेवावे, सुटलेले पाणी हलक्या हाताने पिळून टाकावे, या मताचा आहे. यामागे हिशेब आहे. कोबीत ९२ टक्के पाणी. बाजारातले पांढरे व्हिनेगर साधारण ४ टक्के आम्लाचे. आठशे ग्रॅम भाज्यांवर अर्धा लिटर व्हिनेगर ओतले की दोन दिवसांत भाजीतले पाणी बाहेर आणि आम्ल आत जाऊन सगळीकडे सारखे होते, आणि ४ टक्क्यांचे दीड टक्का उरते. आधी पाणी काढले तर ही घसरण कमी होते, कोबीही कुरकुरीत राहतो. त्याच कारणाने व्हिनेगरमध्ये पाणी कधी घालू नये. फार आंबट होईल ही भीती सोडून द्यावी. फार आंबट होण्यासाठीच ते असते.

व्हिनेगर उकळून ओतायचे का? नाही. उष्णतेने पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सैल पडते, कोबी मऊ होतो आणि क जीवनसत्त्वही जाते, जे कच्च्या कोबीत १०० ग्रॅममागे ३६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. गार आम्लात उलट पेक्टिन टिकून राहते. भाज्या दाबून भराव्यात, लवंगा-मिरे अख्खेच टाकावेत, लिंबू पिळावे आणि वरचा शेवटचा धागा बुडेपर्यंत व्हिनेगर ओतावे. लसूण घातला तर दोन दिवसांत निळसर-हिरवा पडू शकतो. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांची ही आम्लातली करामत आहे. विष नव्हे, टाकून देऊ नये. लाल कांदा सगळ्या बरणीला गुलाबी छटा देतो. जांभळा कोबी तर व्हिनेगर पडताच भडक गुलाबी होतो आणि लग्नाच्या मांडवात शोभतो, पण पिकलीझचा रंग पांढरा-केशरीच बरा.

गोव्यातले माडाच्या सुरेचे व्हिनेगर वापरले तर चव फार सुरेख येते, पांढऱ्या बाटलीतल्या धारदार आम्लापेक्षा गोल. फक्त घरगुती बाटलीत आम्ल किती ते मोजलेले नसते, म्हणून तशी बरणी फ्रिजमध्येच ठेवून आठवड्याभरात संपवावी. आंबट संत्र्याची उणीव एका लिंबाच्या रसात दुप्पट संत्र्याचा रस मिसळून भरून काढतात. माझ्या मते नुसते लिंबूच बरे.

दुसऱ्या दिवशी खाता येते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी लवंग आत उतरते आणि मिरची सगळीकडे सारखी पसरते; तेव्हा ते खरे पिकलीझ. फ्रिजमध्ये, दर वेळी कोरडा चमचा घालून, महिनाभर आरामात टिकते. सोबत डुकराचे मांस हवेच असे नाही. मासे तळलेले असोत, सुकटीची भजी असोत, कच्च्या केळ्याचे काप असोत, तळणीतून निघालेले आणि मिठाचे काहीही चालते. वरणभाताबरोबर मात्र निरर्थक लागते, कारण तिथे त्याला करायला कामच नाही.

कोबी संपल्यावर तळाशी राहिलेले व्हिनेगर फेकू नये. हैतीत ते माशावर शिंपडतात, भात आणि घेवड्यावर घालतात, मांस मुरवायला वापरतात. त्यातच पुन्हा नवा कोबी भरण्याचा मोह होतो. तसे करायचे तर निम्मे ताजे व्हिनेगर घालावे आणि ती बरणी दोन-तीन दिवसांत संपवावी, कारण जुन्यात आम्ल दीड-दोन टक्केच उरलेले असते.